एकतिसावी वॅगन

मालगाडी यार्डात येऊन थांबली की तिच्या पोटाखाली डोकावायला माणूस लागतो, आणि नागपूरच्या यार्डात डावीकडच्या अंगाने डोकावणारा माणूस म्हणजे गोपिकाबाई नगराळे. वय त्रेपन्न, उंची बेताची, आवाज मात्र असा की पलीकडच्या लाइनवरचा इंजिन ड्रायव्हर उगाचच ब्रेक दाबेल. साडीवर निळा शर्ट, अंबाड्यावर हेल्मेट, एका खिशात खडू, दुसऱ्या खिशात चाक मोजायचं पत्र्याचं गेज. गाडी पुढे जाण्याआधी चाकं, स्प्रिंगा, ब्रेक, कपलिंग सगळं बघायचं आणि ठीक असेल तर वॅगनवर खडूने खूण करायची, हे तिचं काम. बेअरिंग तापलंय का हे ती हाताची पाठ लावून ओळखते, आई पोराचा ताप ओळखते तसं. साहेब लोकांनी तापमान मोजायची बंदूक आणली तेव्हा तिने आधी हात लावून आकडा सांगितला आणि मग बंदुकीला बोलायला लावलं. बंदूक दोन अंशांनी चुकली, असं ती अजून सांगते.

नवरा कवडू याच गँगमध्ये होता. काविळीने गेला, आणि त्याच्या जागी हिला नोकरी मिळाली, त्याला आता बावीस वर्षं झाली. पहिल्या दिवशी गँगच्या मुकादमाने तिच्या हातात हातोडीऐवजी चहाची किटली दिली. बाईमाणूस आहे, चहा करील, असा त्याचा सरळ हिशेब. गोपिकाबाईने किटली घेतली. तिने आठ दिवस गँगला चहा पाजला. तो चहा कसा होता हे सांगताना जुनी माणसं आजही तोंड वाकडं करतात. नवव्या दिवशी सगळी गँग साहेबांकडे गेली आणि म्हणाली, बाईंना हातोडी द्या, हात जोडतो.

तर अशी ही बाई. तिला एका मंगळवारी सकाळी साडेसातला साहेबांचा फोन आला.

साहेब म्हणजे वामनराव भोयर, वॅगन विभागाचे इंजिनिअर. माणूस वाईट नाही, पण कागदाला फार भितो.

"गोपिकाबाई, आज ड्युटीवर येऊ नका. आराम करा. गुडघा दुखते न तुमचा?"

"हो जी," गोपिकाबाई म्हणाली आणि सावध झाली. वामनरावांनी तिच्या गुडघ्याची चौकशी आजवर एकदाही केली नव्हती.

तिने व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. गँगच्या ग्रुपवर फोटो आला होता. कन्हानच्या पुढे एका खासगी कंपनीची कोळसा उतरवायची सायडिंग, म्हणजे रुळांचा फाटा, आहे. तिथून आदल्या संध्याकाळी रिकामी मालगाडी बाहेर निघाली आणि तीन वॅगन रुळावरून उतरल्या. माणसाला कुणाला खरचटलंही नव्हतं. पण सगळ्यात आधी उतरली होती ती एकतिसावी वॅगन, आणि ही गाडी पाच दिवसांपूर्वी नागपूरच्या यार्डात तपासली गेली होती. रजिस्टरात लिहिलं होतं: डावी बाजू, एकवीस ते चाळीस, गोपिका नगराळे.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी रजिस्टरात नव्हती. चाकाची कड, म्हणजे जी चाकाला रुळावर धरून ठेवते ती, झिजली आहे का हे बघायचं तर खाली बसावं लागतं आणि गेज लावावं लागतं. त्या दिवशी गाडी लवकर सोडा म्हणून गाड्यांची ये-जा ठरवणाऱ्या कंट्रोलचा फोन सारखा वाजत होता आणि गोपिकाबाईचा डावा गुडघा सुजून टम्म झाला होता. एकोणतिसाव्या वॅगनपासून पुढे पाच-सहा वॅगनना ती खाली बसलीच नाही. उभ्यानेच नजर टाकली आणि खडू ओढला. एकतिसावी तर तिला चांगलीच आठवत होती, कारण तिचीच शिडी धरून ती गुडघा चोळत आणि कंट्रोलच्या सात पिढ्यांची चौकशी करत उभी राहिली होती.

तिला भीती वाटली. कड खरंच झिजलेली असेल, तर त्या तीन वॅगन तिनेच पाडल्या होत्या.

रेल्वेत अशा वेळी एक रीत असते. पडलेल्या वॅगन उचलण्याआधी रुळाचा साहेब, वॅगनचा साहेब आणि ट्रॅफिकचा इन्स्पेक्टर जागेवर जातात, मोजमाप करतात आणि चूक कुणाची हे एका कागदावर लिहून सगळे मिळून सही करतात. त्याला जॉइंट नोट म्हणतात. प्रत्येक जण आपापला विभाग वाचवायला आलेला असतो, त्यामुळे तासभर भांडण होतं, मग सगळ्यांना भूक लागते, आणि शेवटी जो तिथे हजर नसतो त्याची चूक निघते. बावीस वर्षांत गोपिकाबाईने याला अपवाद पाहिला नव्हता. आणि आज तिला घरी आराम करायला सांगितलं होतं.

तिने भाकरी आणि मिरचीचा ठेचा डब्यात भरला, गेज खिशात टाकलं आणि चप्पल शोधायला लागली.

"आई, कोठं चालली वं?" मोनालीने, तिच्या पोरीने विचारलं.

"कन्हानले. माया सत्कार हाय तिथं."

बसने कामठी, तिथून दुसऱ्या गाडीने कन्हान, पुढे सायडिंगपर्यंत ऑटो. ती पोहोचली तेव्हा साडेदहा वाजले होते आणि ऊन तापलं होतं. तिन्ही वॅगन खडीत चाकं रुतवून तिरप्या उभ्या होत्या. एकतिसावी सगळ्यात जास्त कललेली. जरा लांब ताडपत्रीखाली चार खुर्च्या, एक टेबल, आणि टेबलावर कागद. खुर्च्यांवर वामनराव, रुळाचे साहेब भैय्याजी बांते, ट्रॅफिकचे इन्स्पेक्टर आणि सायडिंगचे मॅनेजर रोहित साहेब. हे शेवटचे पस्तिशीचे, पांढरं हेल्मेट, पांढरे बूट. कोळशाच्या ढिगाऱ्यात बूट पांढरे ठेवणारा माणूस गोपिकाबाई पहिल्यांदाच बघत होती.

तिला बघून वामनराव चहा खाली ठेवून उठले.

"गोपिकाबाई! तुमी काहून आल्या?"

"घरी बसून गुडघा अखडते साहेब. म्हटलं जरा पाय मोकळे करून येऊ."

आणि ती तिथेच एका पालथ्या घमेल्यावर बसली. आता पंचाईत झाली. जिच्यावर चूक टाकायची तीच समोर बसून ठेच्याचा डबा उघडून बसलेली. चौघांनी एकमेकांकडे बघितलं.

"बाई, जरा प्यायले पानी आनता का?" भैय्याजी म्हणाले.

"तुमच्या खुर्चीमांगंच जार हाय जी."

"मग गार्डाकडून गाडीचे कागद घेऊन या," इन्स्पेक्टर म्हणाले.

"फोटो हायेत माया फोनमंदी. पाठवू?"

"मॅडम, आमच्या ऑफिसात एसी आहे. तिथे आरामात बसा ना," रोहित साहेबांनी गोड आवाजात सुचवलं.

"एसीनं गुडघा धरते साहेब."

मग तिने मान तिरपी करून टेबलावरचा कागद उलट्या बाजूने वाचला. कागद वाचायला तो सुलटाच लागतो असं काही नाही. त्यावर लिहिलं होतं की एकतिसाव्या वॅगनच्या पुढच्या डाव्या चाकाची कड झिजलेली असून तपासणीत दुर्लक्ष झाले आहे, आणि पुढे तिचं अख्खं नाव, श्रीमती गोपिका कवडू नगराळे, नोकरीतल्या तिकीट नंबरासकट.

"साहेब, चाक मोजलं का?" तिने विचारलं.

"मोजू न आता," वामनराव कागदावर हात ठेवत म्हणाले. "लिवायचं काम आधी उरकून ठेवलं."

गोपिकाबाई उठली. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, थोडा हसरा, थोडा भांडखोर. पण वॅगनपर्यंतची वीस पावलं तिला फार लांब वाटली. तिने गुडघा टेकला, तो कटकन वाजला, आणि ती वॅगनखाली सरकली. पुढचं डावं चाक. तिने गेज कडेवर बसवलं आणि क्षणभर डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा दिसलं: कड चांगली जाड होती. ठणठणीत. अजून दीड-दोन वर्षं सहज चालली असती.

ती तिथून लगेच बाहेर आली नाही. डोळे भरून आले होते आणि ते वर बसलेल्यांना दाखवायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

"बाई, खाली काय करून राहिल्या?" वामनरावांनी हाक मारली.

"चाकाच्या पाया पडून राहिली साहेब. या तुमीबी. दर्शन घ्या."

चौघे खाली वाकले. प्रत्येकाने आपापल्या हाताने गेज लावून बघितलं, भैय्याजींनी तर तीनदा. चाक काही झिजायला तयार नव्हतं. वामनरावांचा चेहरा खुलला आणि भैय्याजींचा उतरला, कारण वॅगन ठीक असेल तर रूळ वाईट, हे ओघानेच आलं. आत्तापर्यंत एकाच थर्मासमधून चहा पिणारे हे दोघे आता एकमेकांना टेप दाखवायला लागले. वामनरावांनी रूळ मोजला, तोही बरोबर निघाला. इन्स्पेक्टरांनी ड्रायव्हरचा वेग काढला, तो माणसाच्या चालण्याएवढा. सगळं ठीक होतं, आणि तीन वॅगन जमिनीवर होत्या.

गोपिकाबाई त्यांच्यात पडली नाही. ती वॅगनला वळसा घालून मागच्या टोकाला गेली. हाताची पाठ पत्र्यावरून फिरवत जायची तिची सवयच होती. कोपऱ्याशी येऊन हात थांबला. छातीएवढ्या उंचीवर लोखंडाला तीन ताजे ओरखडे होते, बोट जाईल एवढे खोल, आणि त्यांत पिवळा रंग अडकला होता. कोपऱ्याचा खांब आत दबला होता. तिने खाली वाकून बघितलं. त्याच बाजूच्या दोन स्प्रिंगा आपल्या जागेवरून निसटून लटकत होत्या.

"भैय्याजी साहेब, तुमची माचिस द्या जरा," ती ओरडली.

भैय्याजी बिडी ओढतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ते स्वतः नाकारत असत. आज त्यांनी मुकाट्याने माचिस काढली. गोपिकाबाईने काड्या त्यांच्याच तळहातावर ओतल्या आणि रिकामी पेटी दोन बोटांत लांबीच्या बाजूने धरून दाबली.

"पाहा. अशी दाबा, वाकत नाही. वॅगन बी तशीच. यार्डात वॅगनवर वॅगन धाडकन आदळते, तो धक्का कपलिंगमधून मधल्या कण्यात जाते. कणा त्याच्यासाठीच बनवला. आता हे पाहा." तिने पेटीच्या एका कोपऱ्यावर बोट टेकवून रेटलं. पेटी तिरपी झाली. "कोपऱ्यात रेटली की झाली वाकडी. त्यातून रिकामी, हलकी. स्प्रिंगा निसटल्या, चाकावरचा भार गेला. मग वळणावर चाक रुळावर चढलं, अन् बसली खाली."

"पण कोपऱ्यात रेटलं कोणी?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

गोपिकाबाईने नुसती हनुवटी उचलली. कोळशाच्या ढिगाऱ्यामागे लोडर उभा होता, पिवळाधमक, पुढच्या खोऱ्याला लोखंडी दात. वॅगन हलवायला इंजिन लागतं, लोडरने वॅगनला ढकलायला सक्त मनाई आहे, आणि घाई असली की बऱ्याच ठिकाणी नेमकं तेच करतात. भैय्याजींनी खोऱ्याच्या दातांचं अंतर मोजलं, मग ओरखड्यांचं. मिलिमीटरला मिलिमीटर जुळलं.

सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. वॅगन सुटली, रूळ सुटला, ट्रॅफिक सुटलं. वामनरावांनी जुना कागद टराटरा फाडला आणि नवा घेतला. लोडर चालकाने नियम मोडून, असं लिहायला सुरुवातही केली.

"नाव काय त्याचं?"

"अनंत," रोहित साहेब झटकन म्हणाले. "बोलावतो. या लोकांना कितीदा सांगितलं, वॅगनला हात लावायचा नाही म्हणून!"

अनंत आला. पंचेचाळीस-पन्नाशीचा माणूस, गळ्यात दुपट्टा, ठेकेदाराच्या हाताखाली कामाला. त्याने टेबलाकडे बघितलं, मग रोहित साहेबांच्या बुटांकडे, आणि कुणी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "चूक झाली जी."

झालं. गोपिकाबाईचं नाव सुटलं होतं, दोनच्या गाडीने ती घरी जाऊ शकत होती, आणि वामनराव तिला डोळ्यांनी तेच खुणावत होते. पण त्या माणसाचं ते पटकन वाकणं तिच्याने बघवेना. आपण आज घरी राहिलो असतो तर उद्या आपल्यालाही असंच उभं राहावं लागलं असतं, हे तिला दिसलं, आणि तिला राग आला. राग आला की गोपिकाबाई फार गोड बोलते. तिला ओळखणारे अशा वेळी दोन पावलं मागे सरतात. रोहित साहेब तिला ओळखत नव्हते.

"एक मात्र मानलं साहेब तुमाले," ती त्यांच्याकडे वळून म्हणाली. "आमच्या यार्डात एक वॅगन सरकवाची तर इंजिनाची दोन-दोन घंटे वाट पायतो. अन् तुमच्या इथं म्हने नऊ घंट्यात आख्खी गाडी खाली होते?"

"साडेआठ," रोहित साहेबांनी दुरुस्ती केली. सकाळपासून हा आकडा त्यांनी प्रत्येकाला दोनदा ऐकवला होता, आणि कुणीही पुरेसं कौतुक केलं नव्हतं.

"साडेआठ! काय बाप्पा! कसं जमवता जी? आमच्या साहेबाइले सांगा न जरा. ते रोज शिव्या खाऊन राहिले टायमापायी."

"सिस्टम आहे मॅडम." रोहित साहेब खुर्चीत मागे रेलले. "रेल्वेच्या इंजिनाची वाट बघत बसलो तर झालंच आमचं. कोळसा उतरवायच्या जागी वॅगन आणायला इंजिन कशाला पाहिजे? मी स्वतः उभा राहतो. मी नुसता हात केला की अनंत दोन वॅगन पुढे घेतो. मी हात केला की थांबतो. काल तर मी..."

इथे ते थांबले. इन्स्पेक्टरांनी खिशातलं पेन काढलं. अनंत वर बघायला लागला होता.

"काल तर?" गोपिकाबाईने अगदी आदराने विचारलं.

इन्स्पेक्टरांनी सकाळपासून एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यांनी वामनरावांपुढचा कागद आपल्याकडे ओढला आणि मन लावून लिहायला लागले. व्यवस्थापकांच्या प्रत्यक्ष सूचनेवरून, असे शब्द होते. रोहित साहेब म्हणाले, माझा तसा अर्थ नव्हता. मग म्हणाले, मी सही करणार नाही. भैय्याजी म्हणाले, नका करू, सही का नाकारली ते आम्ही तुमच्याच शब्दांत लिहू, साडेआठ तासांसकट. रोहित साहेब फोन घेऊन लांब गेले, वीस मिनिटं येरझाऱ्या घालत बोलले, परत आले आणि सही केली. एव्हाना त्यांचे बूट काळे झाले होते.

गोपिकाबाईने अनंतला कागदाचा फोटो काढायला लावला. "जपून ठेव गा. कोणी कामावरून काढतो म्हटलं का त्याले पहिले हा दाखवजो." अनंतने फोन जपून खिशात घातला. त्याने तिच्यासाठी ऑटो थांबवायला धाव घेतली, पण वामनरावांनी तिला आपल्या जीपमध्ये बसवलं. साहेबांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायची तिची ही पहिलीच वेळ.

कन्हानच्या पुलावर वामनराव खुशीत आले. "काही म्हना गोपिकाबाई, त्या दिवशी तुमी चाक चोख पायलं होतं म्हनून आज आपन वाचलो. मी वर लिवून पाठवतो. तुमचं नाव घालून."

गोपिकाबाई नदीकडे बघत राहिली. एवढं कौतुक या बावीस वर्षांत तिच्या वाट्याला आलं नव्हतं, आणि ते घशाखाली उतरेना. चाक चांगलं होतं, पण ते तिने बघितलं म्हणून नाही. तिने बघितलंच नव्हतं. ते झिजलेलं असतं तरी तिने तस्साच खडू ओढला असता, आणि गाडी तशीच गेली असती.

"साहेब," ती म्हणाली, "मी त्या दिवशी खाली बसलीच नव्हती. उभ्यानंच पास केली ती वॅगन. पाच-सहा केल्या तशा."

वामनरावांनी काच खाली केली. मग वर केली. मग म्हणाले, "नदीले पानी लय कमी झालं यंदा."

ती हसली. 

दुसऱ्या दिवशी गोपिकाबाई ड्युटीवर आली ती न्हाणीघरातलं लाल प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन. त्याला सुतळी बांधून ती कमरेला अडकवलेली. वॅगनशी आली की स्टूल ठेवायचं, बसायचं, गेज लावायचं, उठायचं, पुढे जायचं, आणि स्टूल मागून खडीवर ठकठक करत यायचं. गँग पोट धरून हसली. कुणीतरी व्हिडिओ काढला. तिने कुणाकडे लक्ष दिलं नाही. एका वॅगनला जेवढा वेळ लागायचा त्याच्या दुप्पट लागत होता, गुडघा ठणकत होता, आणि अकरा वाजता कंट्रोलचा फोन वाजायला लागला. गाडी दहाला सुटायला हवी होती.

गँगमधला विक्की फोन कानाला लावून धावत आला. "बाई, कंट्रोल इचारून राहिला, गाडी काहून सोडली नाही? काय सांगू?"

स्टुलावर बसून चाकाला गेज लावलेल्या गोपिकाबाईने वर न बघता उत्तर दिलं.

"सांग त्याले, एकतिसावी चालू हाय. अजून नऊ बाकी हायेत."